ब्रेक-बॅरल एअर रायफल कशी निवडावी

एअर रायफलच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा छऱ्याच्या वेगाचा असतो, आणि पहिल्यांदा रायफल घेणारा माणूस बहुधा त्याच आकड्यावरून दोन रायफलींची तुलना करतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी खाली वाकवून भरायच्या, रायफलीच्या बाबतीत मात्र हा निकष सर्वांत कमी कामाचा आहे. ज्या रायफलीचा वेग फार, ती ओढायला जड, हातात उसळणारी आणि नेमाला हट्टी असते. नवखा नेमबाज तिच्यापुढे थकतो आणि थोड्याच दिवसांत ती कपाटाच्या माथ्यावर जाऊन पडते. मध्यम ताकदीची, स्वच्छ चापाची आणि नळी दर वेळी नेमकी त्याच जागी बसणारी रायफल त्याच माणसाला वर्षानुवर्षे साथ देते. असे का, हे कळण्यासाठी चाप ओढल्यावर आत काय घडते ते आधी पाहिले पाहिजे, कारण निवडीचे जवळजवळ सगळे नियम त्यातूनच निघतात.

चाप ओढल्यावर काय होते

जत्रेत फुगे फोडण्याच्या स्टॉलवर बहुतेकांनी जी बंदूक हाताळलेली असते, ती याच जातीची. नळी मुळाशी बिजागरीसारख्या सांध्यावर बसवलेली असते. नळीचे टोक धरून खाली ओढले की तिला जोडलेली दांडी पिस्टनला मागे सारते, पिस्टनमागची जाड स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन चापाच्या खटक्यात अडकून राहतो. नळीच्या उघड्या पडलेल्या मागच्या तोंडात एक छर्रा बसवायचा, नळी वर आणून बंद करायची, की रायफल तयार झाली. या रायफलीत हवा आधीपासून भरून ठेवलेली असते असा अनेकांचा समज असतो, पण तसे नाही. हवा दाबली जाते ती चाप ओढल्यानंतर. सुटलेला पिस्टन सिलिंडरमधली हवा पुढे रेटतो, आणि ती हवा एका बारीक छिद्रातून छऱ्याच्या मागे येते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा जोरात दाबला की जे होते तेच इथे होते, फक्त कितीतरी अधिक वेगाने आणि दाबाने. स्प्रिंगमध्ये साठवलेल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच छऱ्यापर्यंत पोहोचतो. उरलेली ऊर्जा उष्णता, घर्षण आणि धक्का यांत जाते.

हा धक्का नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, पिस्टन आणि त्याच्याबरोबर हलणारा स्प्रिंगचा भाग मिळून 250 ग्रॅम आहे, पिस्टनची धाव 80 मिलिमीटर आहे आणि रायफलीचे वजन 3.5 किलो आहे. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे सरकते, आणि वजनांच्या प्रमाणाचा साधा हिशेब केला तर हे सरकणे पाच ते सहा मिलिमीटरच्या आसपास येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो आणि रायफल उलट दिशेने, म्हणजे पुढे, झटका खाते. हे सगळे सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात उरकते, आणि मेख अशी की एवढे होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. बारुदाच्या रायफलीत गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम हललेली असते. इथे मात्र छर्रा सुटतो तो आधीच हललेल्या रायफलीतून.

म्हणूनच स्प्रिंगच्या रायफलीवर नेम लागणे हे रायफल दर वेळी सारख्याच पद्धतीने हलण्यावर अवलंबून असते. तिला आवळून धरले की हाताच्या प्रत्येक लहानमोठ्या ताणाबरोबर तिची हालचाल बदलते. अनुभवी नेमबाज पुढचा हात उघडा ठेवतात, तळव्यावर दस्ता नुसता टेकवतात आणि खांद्याशी जेमतेम लावून रायफलीला हवी तशी मागेपुढे होऊ देतात. नवख्याला हे विचित्र वाटते, कारण बंदूक घट्ट धरायची असते असेच त्याच्या मनात बसलेले असते. आता यात ताकदीचा मुद्दा मिसळून पाहावा. पिस्टन जितका जड, धाव जितकी लांब आणि स्प्रिंग जितकी कडक, तितकी रायफल जास्त हलणार, आणि ही हालचाल दर वेळी सारखी राखायला तितकेच जास्त कसब लागणार. वाढीव वेगाची किंमत इथे मोजावी लागते.

वेग, ऊर्जा आणि कायदा

आपल्याकडे एअर रायफलीच्या ताकदीला कायद्याची मर्यादाही आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली केलेल्या 2016 च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअर रायफलीच्या छऱ्याची नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त नाही आणि नळीचा व्यास 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 इंच, यापेक्षा जास्त नाही, तिच्यासाठी परवाना लागत नाही. त्याआधीची कसोटी वेगळी आणि काहीशी गमतीची होती: एक इंच जाडीच्या देवदारी फळीतून पाच फुटांवरून छर्रा आरपार गेला नाही, तर ती एअरगन परवान्यातून मोकळी. 5.5 मिलिमीटरची रायफल नव्या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे सर्वसाधारण खरेदीदारासाठी व्यासाचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. घ्यायची ती 4.5 मिलिमीटरचीच. परवाना नसला तरी विक्रेता ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागतो आणि विक्रीची नोंद ठेवतो. जो विक्रेता हे काहीच विचारत नाही, त्याच्याकडून न घेणे बरे.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा भाग गुणिले वेगाचा वर्ग. सर्वसाधारण शिशाचा छर्रा 8 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 0.52 ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला 250 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा सव्वासोळा ज्यूल होते, आणि 277 मीटरला ती जवळजवळ 20 ज्यूलला टेकते. खोक्यावर ‘1000 फूट प्रति सेकंद’ असे छापलेले असते तेव्हा तो वेग 305 मीटर होतो, आणि त्या वेगाने 8 ग्रेनचा छर्रा सुटला तर ऊर्जा 24 ज्यूलच्या वर जाते. म्हणजे एक तर ती रायफल मर्यादेबाहेरची आहे, किंवा तो वेग साडेसहा ग्रेनच्या आतल्या एखाद्या हलक्या छऱ्याने मिळवलेला आहे. बहुतेक वेळा दुसरीच गोष्ट खरी असते. असे हलके, बिनशिशाचे छर्रे जाहिरातीचा आकडा फुगवण्यास सोयीचे असतात, पण हवेत त्यांचा वेग लवकर मरतो आणि बहुतेक नळ्यांत ते नीट बसतही नाहीत.

वेग आणखी वाढवला तर दुसरीच अडचण उभी राहते. 20 अंश सेल्सिअस तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. कमरेत बारीक असलेला डमरूच्या आकाराचा छर्रा या वेगाच्या आसपास स्थिर राहत नाही, तो डळमळू लागतो आणि छर्रे विखुरतात. शिवाय चाबकासारखा कडाका ऐकू येतो तो वेगळाच. त्यामुळे कायद्याने मोकळीक दिली असती तरीही शहाण्या माणसाने त्या वेगाच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता.

मग किती ताकद पुरे? जर्मनीत परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलींना साडेसात ज्यूलची मर्यादा आहे, तर इंग्लंडमध्ये परवान्याशिवायच्या रायफलींना 12 फूट-पाउंडांची, म्हणजे सव्वासोळा ज्यूलची. जर्मनीच्या मेलरिश्टाट गावातल्या वाइराउख कंपनीची एचडब्ल्यू 30 एस ही छोटी रायफल साडेसात ज्यूलच्या वर्गातली आहे, आणि जगभरचे अनुभवी नेमबाज आजही तिला नवख्यासाठी उत्तम मानतात. साडेसात ज्यूलला 8 ग्रेनचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने जातो. ढोबळ हिशेबाने वीस मीटर अंतरापर्यंत तो सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली येतो, आणि 250 मीटर वेगाचा छर्रा सुमारे साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे दुपटीहून अधिक ऊर्जा देऊन फरक पडतो तो चार सेंटिमीटरचा, आणि नेम धरण्याच्या साइटचा स्क्रू एकदा फिरवला की तोही मिटतो. कागदी लक्ष्यावर, डब्यांवर आणि फिरत्या लोखंडी पत्र्यांवर पंचवीस मीटरपर्यंत नेमबाजी करणाऱ्याला 8 ते 14 ज्यूल ही माझ्या मते सर्वांत सुखाची जागा आहे. चाळीस-पन्नास मीटरवर नेमबाजी करायची असेल, तेवढी मोकळी आणि सुरक्षित जागा हाताशी असेल, आणि मध्यम रायफलीवर हात बसलेला असेल, तरच 16 ज्यूलच्या पुढचा विचार करावा.

इथे उद्देशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे निम्म्या चौकशा तिथूनच सुरू होतात. कोकणातले बागायतदार वानर-माकडांना हुसकावण्यासाठी एअरगन मागतात, आणि काही हौशी लोकांच्या डोळ्यांपुढे पाखरे असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याला जखमी करणे हीसुद्धा शिकारच धरली आहे, आणि छर्रा जिवे मारत नाही ही सबब तिथे चालत नाही. अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये लोकांनी आपल्या एअरगन स्वतःहून सरकारजमा कराव्यात म्हणून खास मोहीम सुरू झाली, ती तिथले पक्षी झपाट्याने कमी होऊ लागल्यामुळेच. या लेखातली निवड केवळ लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी आहे. दहा मीटर एअर रायफल स्पर्धेसाठीही ब्रेक-बॅरल नाही. त्या स्पर्धेत आज धक्का न देणाऱ्या, आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफली वापरतात. जिल्हा पातळीवर जिथे ओपन साइटचा, म्हणजे साध्या उघड्या साइटने नेम धरण्याचा, गट असतो, तिथे मात्र तिच्यावर केलेला सराव कामी येतो.

नळी आणि तिचे बसणे

ब्रेक-बॅरलचे सारे गुण आणि सारे दोष त्या एका सांध्यात आहेत. नळी हीच ओढण्याची दांडी असल्यामुळे रचना साधी, वजन आटोक्यात आणि किंमत कमी राहते. छर्रा थेट नळीत बोटाने बसवता येतो. पण स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, आणि काही रायफलींत मागची साइटही न हलणाऱ्या सिलिंडरवर असते, त्यामुळे नळी प्रत्येक वेळी केसभरही फरक न पडता त्याच जागी परतली पाहिजे. दुकानात रायफल हातात आल्यावर सर्वांत आधी हेच तपासावे. रिकामी रायफल अर्धवट उघडून नळीचे टोक डावी-उजवीकडे हलवून पाहावे. सांध्यात खुळखुळ जाणवली तर ती रायफल बाजूला ठेवावी. मग नळी बंद करावी. बंद होताना एकच स्पष्ट, भरीव ‘खट्’ ऐकू आला पाहिजे आणि शेवटचा टप्पा हाताला किंचित जोर मागणारा हवा. बंद नळी वर-खाली दाबून पाहिली तर ती मुळीच हलता कामा नये. सांध्याचा स्क्रू घट्ट करता येतो का, हेही विचारून घ्यावे. काही स्वस्त रायफलींत तिथे नुसता रिव्हेट असतो आणि तो झिजला की उपाय उरत नाही.

नळीच्या मागच्या तोंडाभोवती रबराची किंवा प्लॅस्टिकची एक चकती असते. दाबलेली हवा बाहेर निसटू न देण्याचे काम तिचे. ती फाटली किंवा दबून गेली की ताकद हळूहळू उतरते आणि दोन छऱ्यांच्या वेगांत फरक पडू लागतो. हे घरच्या घरी ओळखता येते: टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर नुसती ठेवून, छर्रा भरून, सुरक्षित बांधावर, म्हणजे छर्रा अडवणाऱ्या आडोशावर, चाप ओढावा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथून गळते आहे. चकती दहा-वीस मिनिटांत बदलता येते. तिच्या खाली कागदाची पातळ कातरण घालूनही बरेचदा काम भागते. छर्रा न भरता ही परीक्षा करू नये. नळीत अडसर नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो थेट सिलिंडरच्या टोकावर आपटतो आणि पिस्टनच्या तोंडाचा वॉशर व स्प्रिंग दोघांचे आयुष्य कमी होते. दुकानात कुणी सहज रिकामा चाप ओढून दाखवू लागले तर तसे करू देऊ नये.

नळीच्या लांबीबद्दलही एक गैरसमज आहे. स्प्रिंगच्या रायफलीत हवेचा साठाच मुळात थोडा असतो, आणि छर्रा नळीच्या पहिल्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमध्येच आपल्या वेगाचा जवळजवळ सगळा भाग मिळवून मोकळा होतो. उरलेली लांबी मुख्यतः ओढताना हाताला सोपे जावे म्हणून असते. याउलट नळीच्या तोंडाची कड मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. तिथे ओरखडा, खाच किंवा धातूचा कण उभा राहिलेला असेल तर छर्रा बाहेर पडताना एका बाजूने ढकलला जातो.

चाप

रायफल हलत असतानाच छर्रा सुटणार असेल, तर चापाने तिच्यात आणखी गडबड भरू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. स्वस्त रायफलीत चाप थेट पिस्टनच्या खटक्याला भिडलेला असतो. तिथे स्प्रिंगचा सगळा भार धातूच्या दोन लहान पृष्ठभागांवर असतो, म्हणून चाप सुटायला तीन-चार किलोचा जोर लागतो, म्हणजे रायफलीच्या स्वतःच्या वजनाइतका. एवढ्या जोराने बोट ओढले की नळी बाजूला जाणारच. चांगल्या रचनेत मधे दोन-तीन तरफा असतात, त्या भार वाटून घेतात, आणि चाप दोन टप्प्यांत ओढला जातो: पहिला हलका, मोकळा टप्पा, मग बोटाला जाणवेल अशी एक अडण, आणि त्या अडणीपलीकडे किंचित जोरात सुटका. वाइराउखचा ‘रेकॉर्ड’ ट्रिगर या रचनेचा नावाजलेला नमुना आहे, आणि त्या कंपनीच्या लहान-मोठ्या बहुतेक रायफलींत तोच बसवलेला असतो.

दोन रायफलींत पैशांचा फरक असेल आणि तो ताकदीत आहे की चापात हे विचारावे लागत असेल, तर चापासाठी पैसे मोजावेत. आयातीच्या निर्बंधांमुळे परदेशी रायफली भारतात सहज मिळत नाहीत, हे खरे. पण महाराष्ट्रातली प्रेसिहोल धरून काही भारतीय कंपन्या आता जी ब्रेक-बॅरल बनवतात, ती जुन्या देशी एअरगनांपेक्षा पुष्कळच पुढे गेली आहे, आणि चाप जुळवून घेण्याची सोय त्यांतल्या काहींत असते. मात्र जुळवाजुळव करताना खटक्याची पकड कमी करून चाप हलका करण्याचा मोह टाळावा. तसे केले की रायफल आपटल्यावर आपोआप सुटू शकते.

स्प्रिंग की गॅस

अलीकडे स्प्रिंगऐवजी दाबलेल्या गॅसची नळी बसवलेल्या रायफली बऱ्याच दिसतात. गॅसच्या रायफलीत स्प्रिंगची झणझण नसते, भरून काही वेळ तशीच ठेवली तरी काही थकत नाही, आणि वजनही थोडे कमी होते. पण तिला ओढताना सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लागतो, तिचा धक्का आखूड व तीक्ष्ण असतो, आणि गॅस निघून गेला की गॅसची ती पूर्ण नळीच बदलावी लागते. स्प्रिंग थकली तर ती हळूहळू थकते, नवी मिळते आणि जाणता कारागीर ती बसवून देतो. स्प्रिंगची झणझणसुद्धा तिच्या आतल्या मार्गदर्शक नळकांड्याचे माप नीट जुळवले आणि योग्य ग्रीस लावले की बरीचशी विझते. पहिल्या रायफलीसाठी मी स्प्रिंगच सुचवेन. एक इशारा मात्र हवा: स्प्रिंगवर प्रचंड दाब असतो, त्यामुळे योग्य पकडयंत्र नसताना रायफल घरी खोलू नये.

वजन, ओढ आणि साइट

रायफल कुणाच्या हातात जाणार आहे, हे पाहिल्याशिवाय वजनाबद्दल काही म्हणता येत नाही. साधारण पावणेतीन ते साडेतीन किलो वजन बहुतेक प्रौढांना झेपते. त्याहून हलकी रायफल जास्त उसळते, त्याहून जड रायफल उभ्याने फार वेळ धरता येत नाही. ओढीचा जोर मध्यम रायफलींत दहा ते पंधरा किलोंच्या दरम्यान असतो, आणि जास्त ताकदीच्या रायफलींत वीस किलोंच्या पुढे जातो. दुकानात एकदा ओढून काही कळत नाही, कारण एकदा कुणीही ओढतो. एका बैठकीत पन्नास-साठ छर्रे सुटतात, आणि चाळिसाव्या ओढीनंतर थरथरणाऱ्या हाताने नेम धरता येत नाही. घरातली अनेक माणसे वापरणार असतील तर त्यांतल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला ओढता येईल अशीच रायफल घ्यावी, आणि मुलांनी ती मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळावी.

छर्रा बसवताना नळी दुसऱ्या हाताने पक्की धरून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. नळी उघडी असताना खटका निसटला तर ती प्रचंड जोराने वर येते. बोट सापडते, दस्ता तडकतो आणि नळी वाकते. बऱ्याच रायफलींत उघड्या नळीत चाप सुटू नये अशी अडकाठी असते, पण तिच्या भरवशावर हात मोकळा सोडू नये.

साइटच्या बाबतीत सुरुवात लोखंडी साइटनेच करावी, असे माझे ठाम मत आहे. रायफलीसोबत फुकट येणारा स्कोप बहुधा फुकटच्याच लायकीचा असतो. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्ही दिशांनी येतो, आणि एका दिशेच्या धक्क्यासाठी बनवलेल्या चांगल्या स्कोपाच्याही आतली काच किंवा तारांची फुली यामुळे सुटते. स्कोप घ्यायचाच असेल तर तो स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठीच बनवलेला घ्यावा, आणि त्याचा माउंट, म्हणजे तो रायफलीवर बसवणारी पकड, मागे सरकू नये म्हणून अडवणारी खीळ असलेला पाहावा. ब्रेक-बॅरलची नळी बरेचदा सिलिंडरच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. अशा रायफलीवर साधा माउंट बसवला तर स्कोपाचा स्क्रू शेवटापर्यंत फिरवूनही छर्रे खालीच लागत राहतात, आणि माणूस रायफलीला दोष देऊ लागतो. मागच्या बाजूने किंचित उंच असलेला माउंट हा त्यावरचा सरळ इलाज आहे.

वॉशर, तेल आणि पावसाळा

जुन्या रायफलींत पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर असे, आणि त्याला अधूनमधून तेलाचे एक-दोन थेंब द्यावे लागत. वडिलोपार्जित एअरगन ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही सवय ठेवावी. नव्या रायफलींत कृत्रिम वॉशर असतो आणि त्याला तेल नको असते. उलट दाबलेली हवा क्षणभर इतकी तापते की सिलिंडरमध्ये गेलेले तेल पेट घेते: मोठा आवाज येतो, नळीतून धूर निघतो, छर्रा भलत्याच वेगाने सुटतो आणि वॉशर जळतो. नव्या रायफलीत कारखान्यातले ग्रीस उरलेले असल्याने सुरुवातीला थोडा धूर दिसतो, तो आपोआप थांबतो. पहिल्या काही शे छऱ्यांपर्यंत नेम इकडेतिकडे होत असेल तर घाबरू नये. तोवर दस्त्याचे स्क्रू मात्र दर बैठकीआधी तपासावेत, कारण धक्क्याने ते सैल होतात, आणि सैल स्क्रूमुळे बिघडलेला नेम हे या रायफलींचे सर्वांत सर्रास आढळणारे दुखणे आहे.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात पोलादाला घामाच्या एका बोटाचा ठसाही पुरतो; दोन दिवसांत तिथे तांबूस डाग उमटतो. वापरल्यावर तेलाच्या फडक्याने बाहेरचा सगळा धातू पुसावा, आणि जूनपासून चार महिने रायफल फोमच्या बंद पेटीत ठेवू नये. फोम ओलावा धरून ठेवतो, आणि पेटी उघडेपर्यंत गंज बसलेला असतो. कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कुलूपबंद कपाटात ती अधिक सुखात राहते. भरलेली रायफल मात्र कधीही ठेवू नये. ती रिकामी करायचा बहुतेक रायफलींत एकच मार्ग असतो, तो म्हणजे छर्रा सुरक्षित बांधावर सोडणे. बांधासाठी जाड लाकडी पेटीत जुने कपडे गच्च भरले तरी मध्यम ताकदीचा छर्रा अडतो. विटांची भिंत किंवा उभा लोखंडी पत्रा चालत नाही, कारण तिथून छर्रा उलटा फिरतो. चष्मा प्रत्येकाने घालावा, बाजूला उभे असलेल्यांनीही.

छर्रे

रायफल घेऊन झाल्यावर निवडीचा खरा दुसरा भाग सुरू होतो, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. 4.5 मिलिमीटरचा म्हणून विकला जाणारा छर्रा डोक्याशी 4.50, 4.51 किंवा 4.52 मिलिमीटरचा असतो, आणि या शतांश मिलिमीटरांनी नेम बदलतो. छर्रा नळीत बोटाने दाबताना हाताला किंचित अडल्यासारखा वाटला पाहिजे. तो आत सैल घरंगळला किंवा खूप जोर लावावा लागला, तर तो त्या नळीचा नाही. सुट्या, खालच्या प्रतीच्या छऱ्यांच्या डब्यात वजनांचा आणि घेरांचा एवढा फरक असतो की चांगली रायफलही त्यांनी वाईट ठरते. चेक प्रजासत्ताकातली जेएसबी आणि जर्मनीतली एच अँड एन यांचे छर्रे भारतात मिळतात, महाग पडतात, पण निदान तुलनेसाठी एकेक डबा घ्यावाच.

परीक्षा सोपी आहे. वारा नसलेल्या सकाळी, दस्त्याखाली मऊ उशी घेऊन, नळी कशावरही न टेकवता, वीस मीटरवर प्रत्येक जातीचे पाच-पाच छर्रे सोडावेत. छर्रे मध्यभागी लागले की नाही हे आत्ता पाहूच नये. ते एकमेकांच्या किती जवळ पडले एवढेच पाहावे. मापासाठी एक रुपयाचे नाणे घ्यावे. पाचही भोके त्या नाण्याखाली झाकली गेली तर मध्यम किमतीच्या रायफलीकडून आणि सराव नसलेल्या हाताकडून याहून अधिक काही मागू नये. एका जातीचे छर्रे नाण्याखाली आणि दुसऱ्या जातीचे तळहाताएवढ्या जागेत पसरलेले, असे त्याच रायफलीत, त्याच सकाळी, सर्रास दिसते. जो छर्रा जमला त्याचे चार-सहा डबे एकाच लॉटचे घेऊन ठेवावेत आणि साइट त्यावरच जुळवावी. लॉट बदलला की हीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, कारण साचा झिजतो आणि त्याच नावाच्या पुढच्या डब्यातला छर्रा तसाच निघेल याची खात्री कारखानाही देत नाही.